यंत्रदालनांतील आग

आग लागली कीं आपण पाण्याकडे धांवतों. परंतु ज्या दालनांत संगणक अहोरात्र चालतात, तेथें पाणी यंत्रांचाच घात करितें. म्हणून तेथील आग वायूनें विझवितात.

वायु कोणता निवडावा? कार्बन डायऑक्साइड स्वस्त आहे. पण त्याचें प्रमाण निदान शेंकडा ३४ लागतें, आणि तेवढ्यांत मनुष्य जगत नाहीं. हॅलॉन १३०१ पुष्कळ निर्धोक होता. परंतु तो ओझोनच्या थरास घातक ठरला, व १९८७ च्या माँट्रियल करारास अनुसरून प्रगत देशांनीं १९९४ सालीं त्याचें उत्पादन थांबविलें. नायट्रोजन व आर्गन यांचें मिश्रण खोलींतील प्राणवायु शेंकडा २१ वरून सुमारें साडेबारांवर आणितें. ज्वाला विझते, पण मनुष्यास बाहेर पडण्यापुरता श्वास उरतो. जेथें माणसें काम करितात, तेथें हाच विचार प्रथम करावा.

तथापि उत्तम वायु निवडूनही काम संपत नाहीं. तो सुमारें दहा मिनिटें खोलींत टिकला पाहिजे. तारांसाठीं पाडलेलें एखादें भोंक उघडें राहिलें, तर तो निसटून जातो व आग पुन्हां पेटते. म्हणून भोंकें बुजवावीं, सिलिंडरांतील दाब दर सहा महिन्यांनीं तपासावा, आणि इशाऱ्याची घंटा वाजतांच बाहेर पडण्याचा सराव ठेवावा. आग क्वचित् लागते. दक्षता मात्र नित्य हवी.