किण्वनाचा स्वयंचलित पहारेकरी

काशीच्या ब्रह्मघाट व दुर्गाघाट भागांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथील गृहिणी जाणते की, ज्येष्ठात दही लवकर आंबते, पौषात विरजण लवकर लागत नाही. आंबविणारे सूक्ष्मजीव तापमानाचे अंकित असतात, हेच त्याचे कारण.

घरगुती बिअरच्या भांड्यातही हाच नियम चालतो. तीत वापरावयाच्या यीस्टच्या अनेक जातींना सुमारे २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. वाराणसीचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. शिवाय किण्वनातूनही उष्णता निर्माण होते. म्हणून संवेदक खोलीच्या हवेत न ठेवता द्रवातच बुडवावा. त्याने कळविलेला अंक सूक्ष्मनियंत्रक इष्ट अंकाशी ताडून पाहतो : २१ अंशांवर शीतक चालू, २० अंशांवर बंद. हे अंतर राखले नाही, तर शीतक क्षणोक्षणी चालू-बंद होऊन लवकर निकामी होईल.

परवान्यावाचून बिअर तयार करणे वाराणसीत बेकायदेशीर आहे. विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हीच मांडणी विरजणावर करून पाहावी. बंद पेटीत दुधाचे भांडे व शीतकाऐवजी लहानसा दिवा ठेवावा. दिवा ३९ अंशांवर लागावा, ४० अंशांवर विझावा. मोजणे, ताडणे आणि कृती करणे, हा क्रम मात्र तोच राहतो.