नाताळच्या फराळाचं पहिलं ताट

चि. बेबीस,


तुझं पत्र पोचलं. थोरली सात वर्षांची झाली, धाकटा चारचा. तेव्हा यंदा नाताळचा केक आणि कुलकुल करता करता मुलांना प्रभूची ओळख कशी करून द्यावी, असं तू विचारलं आहेस. सोबत पाठवलेला तक्ताही पाहिला. त्यात प्रत्येक बिस्किटाला एकेक वचन जोडलेलं आहे. तुझी तळमळ मला कळते. पण माझं मत विचारशील तर विश्वास पदार्थांच्या आकारातून शिकवता येत नाही. फराळ कुणी मिळून केला, करताना घरातली माणसं एकमेकांशी कशी वागली आणि पहिलं ताट कुणाच्या दारी गेलं, यातून मुलं तो उचलतात.

आधी मुलांना खरं काम दे. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. सगळा फराळ एका दिवसात उरकू नकोस, या चार रविवारांवर वाटून घे. पहिल्या रविवारी मनुका निवडायच्या, काजू-बदामाचे तुकडे करायचे, डबे धुऊन पुसून ठेवायचे. दुसऱ्या रविवारी संत्र्याच्या साली साखरेच्या पाकात शिजवून वाळत घाल. तिसऱ्या रविवारी कुलकुल कर. ती घट्ट झाकणाच्या डब्यात टिकतात. मैदा, थोडा रवा, तूप आणि नारळाचं दूध घालून पीठ मळ. त्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळणं चार वर्षांच्या मुलालाही जमतं. त्याची वाकडी झाली तरी ती मोडून स्वतः पुन्हा वळू नकोस. तळायचं काम मात्र तुझं. केक चौथ्या रविवारी. त्याची फळं दोन दिवस आधी संत्र्याच्या रसात भिजवून फ्रिजमध्ये ठेव.

मुलं रोज विचारतील, "केक कधी?" तेव्हा सांग, की तारणारा येणार म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, आणि आगमनकाळात आपण त्या वाट पाहण्याची आठवण करतो. इतकं पुरे. लांबलचक प्रवचन नको.

गोष्टी सांगायच्या तर पिठाच्याच सांग. पवित्र शास्त्रात त्या भरपूर आहेत. एखाद्या दिवशी घरी पाव कर. पीठ फुगायला तासभर तरी लागतो, तेवढ्यात खमिराचा दाखला सांगून होतो. देवाचं राज्य कसं असतं हे सांगताना प्रभूने पीठ मळणारी बाई डोळ्यांपुढे उभी केली, हे तुझ्या मुलीला आणि मुलालाही कळू दे. त्या दाखल्यातलं तीन मापं पीठ एका घराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. इतकी भाकर कुणासाठी, असा प्रश्न मुलांना पडला तर उत्तर त्यांनाच शोधू दे. मग सारफथच्या विधवेची गोष्ट सांग. दुष्काळात तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलं होतं, आणि त्यातली पहिली भाकर तिने परक्या एलीया संदेष्ट्याला दिली.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. मुलांना खोटं सांगू नकोस, ते कितीही गोड असलं तरी. काठीसारख्या लाल-पांढऱ्या गोळीला तो आकार येशूच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून दिला, अशी कथा सगळीकडे फिरते. तिला आधार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक किती होते तेही लिहिलेलं नाही. तीन होत्या त्या भेटी, सोनं, ऊद आणि गंधरस. 25 डिसेंबर ही तारीखही शास्त्रात नाही. हे सगळं मुलांना सरळ सांग. उद्या मोठेपणी एक कथा बनावट निघाली, तर आईने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीवरही त्यांची शंका जाईल.

आता ताटाविषयी. आपल्याकडे दिवाळीत शेजारून ताट येतं आणि नाताळात आपलं जातं. पण पहिलं ताट तू अशा माणसाच्या दारी पाठव, ज्याच्याकडून परत काही येणार नाही. तुमच्या सोसायटीत कचरा उचलणारी बाई असेल, रात्रीचा वॉचमन असेल. त्यांना उरलंसुरलं किंवा तुटकं देऊ नकोस. बाकीच्यांना देशील तोच डबा, तीच ताटली, आणि नेऊन देणारे हात मुलांचे. प्रभूच्या जन्माची बातमी आधी पोचली ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. ही गोष्ट मुलं दारोदार जाऊन आली की सांग, मग ती त्यांना जास्त कळेल.

एकत्र खाण्याचं मोल कळायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाच. त्यांचे पती टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई कडक सोवळ्यातल्या होत्या. पुढे पतीकडे राहायला आल्या तरी त्यांचं खाणंपिणं वेगळंच. मग जातिभेदाचा विचार मनातून गेला आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. आपल्या नगरच्या मंडळ्यांतही नाना जातींतून आलेली माणसं प्रेमभोजनाच्या एका पंगतीला बसली. ज्या गावात कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर माणसाची किंमत ठरत होती, तिथे ही पंगत म्हणजे मोठीच साक्ष होती. तुझ्या मुलांनी ताट घेऊन जाताना हा वारसा चालवायचा आहे.

शेजारी अंडं खात नसतील तर त्यांना केक नको. अंड्याशिवायची कुलकुल आणि शंकरपाळी वेगळ्या, ताज्या तेलात तळून पाठव. मुलांना त्याचं कारणही सांग. दुसऱ्याच्या मनाची काळजी घेणं हाही प्रीतीचाच भाग आहे. ताटात पत्रक किंवा वचनाची चिठ्ठी ठेवू नकोस. फराळ प्रेमाने दिलेला असू दे. कुणी आपणहून विचारलं तर आनंदाने सांग.

शेवटचं तुझ्यासाठी. पीठ सांडेल, अंडं फुटेल, केक खाली लागेल. त्या वेळी तुझ्या तोंडून काय निघतं, ते मुलांच्या कायम लक्षात राहील. रागावलीस तर त्यांच्यासमोर क्षमा माग. जावईबापूंनाही फेटायला बसव आणि भांडी धाकट्याकडून घासून घे. सेवा ही फक्त बायकांनी करायची गोष्ट आहे असं त्या घरात कुणाला वाटू नये. ओव्हन लावण्याआधी सगळ्यांनी मिळून छोटीशी प्रार्थना करा, आणि ती थोरलीला करू दे.

तक्ता यंदा बाजूला ठेव. पहिल्या रविवारी मनुका निवडायला बसाल, तेव्हाच पहिलं ताट कुणाला द्यायचं ते मुलांना ठरवायला सांग, आणि त्यांनी ठरवलं की बदलू नकोस. त्यांनी कुणाचं नाव घेतलं ते मला जरूर कळव.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो.

तुझी,
आत्या