सणासुदीची पार्सले उशिरा का पोचतात?



२०१३ सालच्या नाताळची गोष्ट. २५ डिसेंबरच्या सकाळी अमेरिकेतील अनेक घरांत मुले भेटी उघडायला बसली, पण काहींच्या भेटी आल्याच नव्हत्या. नाताळपूर्वी नक्की पोचतील म्हणून सांगितलेली पार्सले वाटेतच अडकली होती. पार्सले पोचवणाऱ्या यूपीएस या मोठ्या कंपनीने मान्य केले, की विमानाने न्यायच्या पार्सलांची संख्या आपल्या यंत्रणेच्या क्षमतेबाहेर गेली. त्या महिन्यात हवामानही काही भागांत वाईट होते. शिवाय नाताळची खरेदी ज्या सणानंतर जोरात सुरू होते, तो थँक्सगिव्हिंगचा सण आदल्या वर्षी २२ नोव्हेंबरला होता, तर २०१३ मध्ये २८ नोव्हेंबरला आला. म्हणजे खरेदीचे सहा दिवस कमी झाले आणि तेवढीच गर्दी थोड्या दिवसांत दाटली.

आपल्याकडेही परगावी किंवा परदेशी पाठवलेला फराळ कधीकधी भाऊबीज उलटून गेल्यावर पोचतो. मग आपण "ही माणसे कामच करीत नाहीत" असे म्हणून मोकळे होतो. एका धनत्रयोदशीला मीही पार्सलाच्या खिडकीवरील कारकुनावर असाच चिडलो होतो. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि खजील झालो. तो हिशेब आज आपण मिळून करू.

एक खिडकी, एक रांग

समजा, एका कचेरीत पार्सले घेण्याची एकच खिडकी आहे. कारकुनाला एका गिऱ्हाइकामागे सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे तो तासाला २० गिऱ्हाइके हातावेगळी करू शकतो. आता तासाला सरासरी १९ गिऱ्हाइके येत असतील, तर रांग लागेल का? तुम्ही म्हणाल, "का लागावी? क्षमता २० आहे, येणारे १९ आहेत."

इथेच आपण फसतो. माणसे घड्याळ लावून दर तीन मिनिटांना एक अशी येत नाहीत. कधी दहा मिनिटांत कोणीच फिरकत नाही, तर कधी पाच जण एकदम येतात. कोणाचे काम एका मिनिटात होते, तर कोणाचा पत्ता अर्धवट असल्यामुळे सहा मिनिटे जातात. कोणी नसते तेव्हा कारकुनाचा वेळ रिकामा जातो. तो रिकामा वेळ डब्यात भरून ठेवून गर्दीच्या वेळी वापरता येत नाही. रांगेच्या साऱ्या गणिताचे मर्म एवढ्यात आहे.

माणसांचे येणे आणि प्रत्येकाला लागणारा वेळ ही दोन्ही अशी अनियमित असली आणि तोच सरासरी दर दीर्घकाळ टिकला, तर गणित एक सोपे सूत्र देते:

सरासरी वेळ (तासांत) = १ ÷ (काम उरकण्याचा दर − येण्याचा दर)

या वेळेत रांगेतला आणि खिडकीसमोरचा, असा दोन्ही काळ धरला आहे. आपल्या खिडकीसाठी उत्तरे अशी येतात:

तासाला १० गिऱ्हाइके: ६ मिनिटे
तासाला १५ गिऱ्हाइके: १२ मिनिटे
तासाला १८ गिऱ्हाइके: ३० मिनिटे
तासाला १९ गिऱ्हाइके: ६० मिनिटे

१० वरून १५ वर जाताना पाच गिऱ्हाइके वाढली, तरी वेळ फक्त ६ मिनिटांनी वाढला. १८ वरून १९ वर जाताना एकच गिऱ्हाईक वाढले आणि वेळ अर्ध्या तासाने वाढला! आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडून पाहा. वक्ररेषा आधी सपाट चालते आणि २० जवळ येताच भिंतीसारखी उभी चढते. येणारे २० झाले, की छेदात शून्य येते. मग रांगेला सीमाच उरत नाही.

अशा गणिताचा पाया डेन्मार्कच्या आग्नेर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी घातला. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत. फोन जोडून मिळण्यासाठी लोकांना किती थांबावे लागेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा पहिला निबंध १९०९ साली प्रसिद्ध झाला.

साचलेले पाणी ओसरायला वेळ लागतो

सणात येणाऱ्यांची संख्या क्षमतेच्याही वर जाते. समजा, एका केंद्रात रोज १००० पार्सलांची वर्गवारी होऊ शकते आणि दहा दिवस रोज ११०० पार्सले आली. दहाव्या दिवसाअखेर १००० पार्सले साचतील. सण संपल्यावर रोज ९०० च येऊ लागली, तरी साठा रोज १०० नेच कमी होईल. तो संपायला आणखी दहा दिवस लागतील. गर्दी संपते, पण उशीर मागे रेंगाळतो, तो यामुळे.

शिवाय पार्सलाला एकच खिडकी ओलांडायची नसते. स्वीकारणे, वर्गवारी, गाडी किंवा विमान, पुन्हा वर्गवारी आणि शेवटी घरोघर वाटप अशी ही साखळी असते. पाच मिनिटांच्या उशिराने रात्रीचे विमान चुकले, तर पार्सल पाच मिनिटे नव्हे, बहुधा पुरा एक दिवस मागे पडते.

मग उपाय काय?

खिडकी वाढवणे हा एक उपाय. दुसरा उपाय किती प्रभावी आहे ते पाहा. कारकुनाला प्रत्येकामागे ३ ऐवजी अडीच मिनिटे लागली, तर तो तासाला २४ गिऱ्हाइके उरकेल. येणारे १९ च असतील, तर सरासरी वेळ १ ÷ (२४ − १९) तास, म्हणजे १२ मिनिटे. अर्ध्या मिनिटाच्या बचतीने एका तासाचे काम १२ मिनिटांवर आले!

हे अर्धे मिनिट तुम्हीआम्हीही वाचवू शकतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून आला. आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत आणि पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत लिहिले जातात. पिनकोडाचा पहिला अंक पाहताच पार्सल देशाच्या कोणत्या विभागात जायचे ते कळते आणि शेवटचे तीन अंक टपाल कचेरी सांगतात. तेव्हा पत्ता सुवाच्य लिहा, पिनकोड विसरू नका आणि पार्सल शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

करून पाहा

एक फासा आणि चिंचोके घ्या. फासा टाका, जेवढे दान पडेल तेवढे चिंचोके, म्हणजे पार्सले, टेबलावर ठेवा. दर डावाला त्यांतले जास्तीत जास्त ४ उचला. उरलेले पुढच्या डावात मोजा. दानाची सरासरी साडेतीन आहे, म्हणजे चारहून कमी. तरीही रांग लागते का? पन्नास डाव खेळून प्रत्येक डावानंतर उरलेल्यांची संख्या लिहा. मग ४ ऐवजी ५, आणि नंतर ३ उचलून तोच प्रयोग करा. तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा. वर्गात प्रत्येक गटाने हे केले, तर शिक्षकांना सर्व गटांची सरासरी फळ्यावर मांडता येईल.

आणखी एक विचार करा. रुग्णालयातील प्रत्येक खाट रोज भरलेली असणे हे चांगल्या व्यवस्थेचे लक्षण मानावे का? वरचा तक्ता पुन्हा पाहून उत्तर द्या. आणि पुढच्या दिवाळीत पार्सलाच्या खिडकीसमोर लांब रांग दिसली, तर आत बसलेल्या माणसावर रागावण्यापूर्वी तासाला किती माणसे येत आहेत, तेवढे मोजा.