पाठीवरचा मजकूर

मुलांनो, कचेरीतील पट्टेवाल्याच्या छातीवरचा पितळी बिल्ला तुम्ही पाहिला असेल. तो पाहताच, हा मनुष्य कोण, हे त्याला विचारावे लागत नाही. परंतु एखाद्या बिल्ल्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

अशी कल्पना करा, की गेवराई तालुक्यातील उमापूरच्या शिवारात, ज्वारीच्या उभ्या पिकात, हवाई छत्रीने एक परका मनुष्य उतरला आहे. अंगात चामड्याचा कोट, पाय मुरगळलेला, आणि गावची भाषा तर त्याला मुळीच येत नाही. तो मित्र की शत्रू, हे गावकऱ्यांनी कसे ओळखावे?

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न चीन व ब्रह्मदेश येथील खेड्यांपुढे खरोखरच उभा राहिला. १९४१ साली क्लेअर शेनॉल्ट यांच्या हाताखाली काही अमेरिकन वैमानिक चीनच्या बाजूने जपानशी लढावयास गेले. आकाशात उंच जावे तसतशी थंडी वाढते. दर हजार मीटरांस तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून वैमानिक चामड्याचे कोट वापरीत. ह्या कोटांच्या पाठीवर कापडाचा एक तुकडा शिवलेला असे. वर चीनचे निशाण आणि खाली चिनी लिपीत मजकूर : हा परदेशी मनुष्य चीनच्या साहाय्यास आला आहे, सैनिकांनी व नागरिकांनी त्याचे रक्षण करावे. प्रत्येक तुकड्यावर क्रमांकही असे. ज्याला बोलता येत नव्हते, त्याच्या वतीने त्याची पाठ बोलत असे!

तथापि यात एक धोका होता. मित्राला जे दुरून दिसते, ते शत्रूलाही दिसते. म्हणून पुढे अनेकांनी तो तुकडा पाठीवरून काढून कोटाच्या आत, अस्तराला शिवून घेतला. प्रसंग पडला म्हणजे कोट उघडून दाखवावयाचा.

१९४२ नंतर आसामातून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला सामान पोहोचविणाऱ्या अमेरिकन वैमानिकांचे कितीतरी बिल्ले आपल्याच देशातील कारागिरांनी बनविले. कोणी रंगीत चामड्याचे तुकडे जोडून, तर कोणी जरीच्या तारेने भरून. त्यांच्या ढालीच्या आकाराच्या बिल्ल्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा शेजारी शेजारी असत.

माणसाविषयी जी चूक होण्याची भीती, तीच विमानाविषयीही होती. ब्रिटिशांच्या व आपल्या विमानांवर वर्तुळाकार चिन्ह असे, आणि त्याच्या मध्यभागी तांबडा ठिपका. पण जपानचे चिन्हही तांबडे वर्तुळच! वेगाने जाणाऱ्या विमानावर आपलेच लोक गोळी झाडावयाचे. म्हणून १९४२ पासून पूर्वेकडील आघाडीवरील विमानांवरून तांबडा रंग पुसून टाकण्यात आला. स्वातंत्र्यानंतर त्या जागी अशोकचक्र आले, आणि १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरे व आत हिरवे असे वर्तुळ आले. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४० साली वायुसेनेत दाखल झाले आणि १९७६ ते १९७८ या काळात तिचे प्रमुख होते. तांबड्या ठिपक्यापासून तिरंगी वर्तुळापर्यंतची ही सर्व चिन्हे त्यांच्या एकट्याच्या सेवाकाळात बदलली.