कुत्र्या-मांजरांतील ॲलर्जी : ओळख व उपचार

कुत्रा वारंवार पंजे चाटतो, कान खाजवितो. मांजर पोटावरील केस चाटून काढते. ही सवय समजून पुष्कळदा दुर्लक्ष केले जाते, अथवा घरातले एखादे मलम लावण्यात येते. वस्तुतः ही ॲलर्जीची, म्हणजेच वावड्याची, लक्षणे असू शकतात. एरवी निरुपद्रवी असणाऱ्या पदार्थाला शरीराची संरक्षक यंत्रणा वाजवीपेक्षा अधिक प्रतिसाद देते, तेव्हा हा विकार उद्भवतो. कुत्र्या-मांजरांत तो मुख्यत्वे त्वचेवर प्रकट होतो.

प्रमुख कारणे

(१) पिसवा : पिसवेच्या लाळेचे वावडे असल्यास थोडे दंशही पुरेसे होतात. कुत्र्याची कंबर, शेपटीचे मूळ व मांड्यांचा मागील भाग यांवर खाज विशेष असते. अंगावरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवल्यास व त्यांभोवती तांबूस डाग उमटल्यास ती पिसवांची विष्ठा समजावी. इंदूर व माळव्यातील पावसाळ्याची उबदार, दमट हवा पिसवांच्या वाढीस पोषक असते. त्यांची अंडी व अळ्या अंथरुणात आणि फरशीच्या फटींत राहतात. म्हणून जनावराबरोबर घराचीही स्वच्छता आवश्यक ठरते.

(२) हवेतील घटक : गवताचे व तणांचे पराग, बुरशी व धुळीतील सूक्ष्म किडे यांमुळे पंजे, तोंड, कान, काखा व पोट यांना खाज सुटते. कुत्र्यांत हा विकार बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो.

(३) आहार : ही खाज बारमाही असते, क्वचित उलट्या वा जुलाबही होतात. नेहमीच्या पोळी-दुधातील वा मांसातील प्रथिने कारणीभूत असू शकतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुमारे आठ आठवडे, पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनांचाच आहार द्यावा लागतो. या काळात पोळीचा तुकडा वा बिस्किटही देऊ नये. अन्यथा चाचणी निष्फळ ठरते.

मांजरांत डोके व मान खाजविणे, बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या धरणे आणि खोकला वा धाप लागणे ही लक्षणेही आढळतात.

निदानाची आवश्यकता

प्रत्येक खाज ॲलर्जीची नसते. खरूज व गजकर्ण यांतही केस गळतात व खाज सुटते, आणि हे रोग माणसांसही लागू शकतात. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याविना पुष्कळदा निर्णय करता येत नाही.

काय टाळावे

रॉकेल, जळके तेल किंवा फिनाईल अंगास लावू नये. त्वचा भाजते व चाटल्याने विषबाधा होते. मांजरास पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील प्राणघातक ठरू शकते. कुत्र्यांसाठी असलेली परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरास कदापि लावू नयेत. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी खाज त्वरित थांबते. तथापि त्या मनाने देत राहिल्यास रोगप्रतिकारशक्ती घटते व अन्य विकार जडतात.

तातडीची लक्षणे

दंशानंतर, लसीनंतर वा नवीन औषधानंतर तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, एकसारख्या उलट्या, धाप लागणे किंवा कोसळणे, तसेच मांजराने तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, यांपैकी काहीही दिसताच क्षणाचाही विलंब न लावता जनावर दवाखान्यात न्यावे.

पशुवैद्यकाकडे जाताना

खाज कोणत्या महिन्यात सुरू झाली, अंगाच्या कोणत्या भागावर आहे, आहार कोणता, कोणती औषधे दिली व घरात कोणास खाज आहे काय, याची टिपणी सोबत न्यावी. इंदूरजवळील महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने या परिसरातील पशुपालकांना तज्ज्ञांचा सल्ला दूर नाही. ॲलर्जी सहसा समूळ जात नाही. परंतु कारण ओळखून नियमित उपचार केल्यास जनावर सुखाने जगू शकते. मुक्या प्राण्यास आपले दुखणे सांगता येत नाही. ते वेळीच ओळखणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य होय.