देवळांच्या बेटावर

इंडोनेशियातील बाली बेटावर आलेला प्रवासी सकाळी तीर्त एंपुल मंदिरात पोहोचतो. कमरेला सारोंग गुंडाळल्याशिवाय आत प्रवेश नाही. झऱ्याचे पाणी दगडी मुखांतून कुंडात पडते. भाविक रांगेने एकेका धारेखाली मस्तक नमवितात. मृतांच्या विधींसाठी राखलेल्या धारा मात्र ते वगळतात. घाईने पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला हे कोठून ठाऊक असणार!

हेच पाणी पुढे भातखाचरांत जाते. त्याची वाटणी ‘सुबक’ या शेतकरी-संघटना जलमंदिरांच्या आधाराने करतात. 2012 साली युनेस्कोने या व्यवस्थेला जागतिक वारशाचा मान दिला. तरीही अनेक खाचरांच्या जागी हॉटेले उभी राहिली असून त्यांनाही पाणी हवेच आहे.

सायंकाळी तानाह लोत. ओहोटीमुळे खडकाच्या पायथ्यापर्यंत वाट मोकळी असते. वरचे देऊळ केवळ उपासकांसाठी. प्रवासी खालूनच हात जोडतो.