कारावासातील पिता आणि शाळेतील मूल

बाप कारागृहात गेला की शिक्षा एकास होते. भोगावी मात्र साऱ्या घराला लागते. मिळवता हात जातो, शेतीचा भार आईवर पडतो आणि थोरले मूल अकाली पोक्त होते. तेच मूल वर्गात उशिरा येते व आपण त्यास आळशी ठरवितो.

अशा मुलास बहुधा 'बाबा मुंबईस नोकरीला आहेत' असे सांगितले जाते. खरे त्यास पाणवठ्यावर कळते, आणि मग आईवरचाही विश्वास डळमळतो. वयाला झेपेल एवढे सत्य आईनेच सांगावे, हे उत्तम. शिक्षकाने तो विषय चारचौघांत काढू नये.

तुरुंगातूनही पितृत्व चालू राहू शकते. पंडित नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात कारावासातून कन्या इंदिरा हिच्यासाठी जगाचा इतिहास पत्ररूपाने लिहिला; त्यांतील बराच काळ ती पुण्यास शिकत होती. अर्थात देशासाठी भोगलेल्या कारावासास मान होता. मारामारीच्या शिक्षेस तो नसतो, आणि मुलास जड जाते ते हेच. पत्राचे काम तरीही तेच. गणितातील गुण, म्हैस व्याल्याची वार्ता, एखादे चित्र बापाकडे जाऊ द्यावे. आई निरक्षर असल्यास शिक्षकाने अर्धा तास काढावा. टपाल तुरुंगात तपासले जाते, ही कल्पना मात्र द्यावी.

बाप सुटून आल्यावर घडी लगेच बसत नाही. मुलास तो परका वाटतो. आईने चालविलेला कारभार त्यास खुपतो. पालकसभेचे निमंत्रण त्या दोघांसही धाडावे.